उपवासकाळातलं पाणी

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा लागला की उरणजवळच्या आमच्या द्रोणागिरीत हवा बदलते. पहाटे चादर ओढून घ्यावी लागते आणि दहा वाजता तीच चादर वाळत घालताना मान भाजते. बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांची धूळ खिडकीच्या जाळीत बसते, ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास थेट स्वयंपाकघरात येतो, आणि आमच्या लोकांच्या घरांतून गेल्या वर्षीच्या झावळ्या खाली उतरतात. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मिळालेली ती पाती वर्षभर येशूच्या तसबिरीमागे वाळत पडलेली असतात. ती चर्चमध्ये नेऊन द्यायची, फादर ती जाळतात, आणि तीच राख बुधवारी आपल्या कपाळाला लागते. तिथून ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा उपवासकाळ. मटण बंद, लग्नं बंद, वेदीवरची फुलं बंद. आमच्या चर्चमध्ये आणखी एक गोष्ट बंद असायची, ती म्हणजे दारातलं पाणी.

मला या ऋतूची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. मुलांना परीक्षेच्या दिवसांची वाटते तशी नाही. मुलांची परीक्षा संपते तरी.

मोठ्या चर्चांत बाप्तिस्म्याचं कुंड वेगळं असतं आणि येता-जाता बोटं बुडवायला दाराशी वेगळं लहान भांडं. आमचं चर्च गरीब, म्हणून दोन्हींसाठी एकच कुंड, प्रवेशाच्या अगदी तोंडाशी. काळ्या दगडाचं, आठ बाजूंचं, कमरेएवढं उंच. पनवेलच्या रस्त्याला पाटे-वरवंटे घडवणाऱ्या एका पाथरवटाकडून ते करून घेतलेलं. एका बाजूवर कबुतर कोर म्हणून त्याला सांगितलं होतं, पवित्र आत्म्याचं चिन्ह. त्यानं जन्मात कबुतर कोरलं नव्हतं. “करतो की, पाखरूच हाय ना,” म्हणाला. जे उमटलं त्याला आमची एस्तू लहानपणापासून कोंबडी म्हणायची, आणि खरं सांगायचं तर ती कोंबडीच आहे.

एस्तू म्हणजे एस्तेर. आमची एकुलती एक मुलगी.

कुंड आलं तेव्हा चर्चला भिंतीसुद्धा नव्हत्या. वर पत्रे, खाली मुरूम, आणि मधे हे जड धूड. त्यात बाप्तिस्मा झालेलं पहिलं लेकरू आमचं. विधीची सुरुवात दारात होते. आईबाप बाळाला घेऊन बाहेर थांबतात आणि फादर दारापर्यंत सामोरे येतात. आता दारच नाही, तर थांबायचं कुठे? फादरांनी पुढच्या दोन बांबूंच्या मधली जागा दाखवली आणि म्हणाले, “हे दार समजा.” तिथे आम्ही उभे राहिलो. “बाळाचं नाव काय ठेवलंत?” “एस्तेर.” “देवाच्या ख्रिस्तसभेकडे तिच्यासाठी काय मागता?” “बाप्तिस्मा.” उत्तरं मी दिली, तिचे बाबा बाळाला सावरत होते. पाणी डोक्यावर पडलं तेव्हा ती रडली नाही. तिनं कुंडात हात घालून फादरांच्या चष्म्यावर पाणी उडवलं आणि सगळी मंडळी खो खो हसली.

पुढे भिंती आल्या, दार आलं, आणि रविवारच्या धर्मशिक्षणाचा वर्ग माझ्याकडे आला. बायबलातल्या गोष्टी मुलांना वर्गात बसून सांगता येतात, पण बाप्तिस्म्याचा धडा मी नेहमी कुंडाभोवती उभं करूनच घ्यायचे. दारातच का हे कुंड? कारण घरात शिरायचं ते दारातून, आणि देवाच्या घरात शिरायचं ते बाप्तिस्म्यातून. म्हणून दर वेळी आत येताना बोटं बुडवायची आणि कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना लावायची, की मी याच दारानं आत आलो होतो. बाप्तिस्म्याआधी तेल कशाला लावतात? पूर्वीच्या काळी कुस्तीआधी पैलवान अंगाला तेल लावायचे, पकडणाऱ्याच्या हातातून निसटावं म्हणून. सैतानाच्या हातून निसटायला हे तेल. पांढरं वस्त्र म्हणजे नवं आयुष्य पांघरलं. मेणबत्ती म्हणजे ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून घेतलेला आपला वाटा. आणि पाणी? पाण्यात बुडणं म्हणजे मरणं, वर येणं म्हणजे जन्मणं.

“टीचर, आठ कोपरे कशाला? चार चालले नसते?”

“सात दिवसांचा आठवडा देवानं केला. आठवा दिवस येशूच्या पुनरुत्थानाचा. कधीच न संपणारा.”

“पण आठवा म्हंजे परत रविवारच ना, टीचर? डबल सुट्टी!”

हे एस्तूचंच. स्वतःच्या आईच्या वर्गात बसून आगाऊपणा करायची आणि घरी आल्यावर ओरडा खायची.

तिच्या वडिलांना मी एस्तूचे बाबा म्हणते. लग्नानंतर आधी ‘अहो’ होतं, मग हे आलं आणि ते अहो मागे पडलं. आता दुसरं नाव तोंडात बसत नाही. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात ते तपासनीस होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. रिकामा कंटेनर परत आला की आत जायचं, बाहेरच्याला दारं लावून घ्यायला सांगायचं, आणि त्या काळोखात उभं राहून पत्र्यात कुठे उजेडाचा ठिपका दिसतो का ते बघायचं. ठिपका दिसला की तिथून पाऊस आत जाणार. उभा जन्म असा भोकं शोधण्यात गेला. त्यामुळे चर्चमध्ये काहीही गळलं, तुटलं, सैल झालं की लोक त्यांनाच हाक मारायचे, आणि त्यांना ते आवडायचं.

राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी कुंड रिकामं करायचं कामही त्यांचंच. आशीर्वादित पाणी गटारात ओतत नाहीत, म्हणून ते बादलीनं जास्वंदीच्या आळ्यात नेऊन ओतायचे. तळाशी उरलेलं पाणी पंच्यानं टिपून घ्यायचे. मग कोरड्या फडक्यानं पुसत बसायचे, दगड आपला काळा रंग सोडून राखाडी दिसेपर्यंत. शेवटी मिठागराच्या बांधावरून आणलेली बाभळीची वाळकी फांदी काट्यांसकट त्यात उभी करायची. येशू चाळीस दिवस वाळवंटात राहिला, वाळवंटात पाणी नसतं, म्हणून कुंडही कोरडं. जुन्या चर्चांतून आलेली ही रीत मुळात कुणी सुरू केली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पटण्यासारखी होती. मीही मुलांना तसंच शिकवलं. सवय मात्र वाळवंट मानत नाही. ईस्टरपर्यंत दर रविवारी अर्धे लोक आत येताना हात घालायचे, काट्याला टेकायचे आणि ओशाळून हसायचे.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत एस्तू हॉस्पिटलमधून घरी आली. रक्ताचा आजार होता. मुंबईच्या डॉक्टरांनी आता आणखी औषधं नकोत म्हणून सांगितलं होतं, आणि सांगताना ते आमच्याकडे न बघता तिच्याकडे बघत होते, याचं मला आजही बरं वाटतं. ती वीस वर्षांची होती. तिला कळत होतं.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी, चर्चच्या प्रार्थनेची वेळ झाली तशी म्हणाली, “मिस्साला जाऊ या ना. घरात बसून नुसतं टेन्शन येतंय.”

चाकाची खुर्ची पायरीवरून बाबांनी आणि शेजारच्या एकानं उचलून वर घेतली. कुंडापाशी आली तशी तिनं हात पुढे केला. सवयीनंच. बोटं काट्यांच्या मधून खाली गेली, तळाला टेकली, तळावरून फिरली. तळ ठणठणीत कोरडा. तिनं मान वळवून बाबांकडे बघितलं आणि हसली.

“काय बाबा, तुमी तर लयच मनापासून पुसलंय. एक थेंब पन नाय ठेवला!”

आजूबाजूचे हसले. बाबाही हसले. तिनं तीच कोरडी बोटं कपाळाला लावली आणि आम्ही आत गेलो. चर्चमध्ये ती जिवंतपणी आली ती शेवटची.

दोन आठवड्यांनी तिला त्याच दारातून नेलं. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. दफनविधीची सुरुवातही दारात होते. फादर सामोरे येतात, बाळाला घ्यायला येतात तसेच. शवपेटीवर पाणी शिंपडतात, बाप्तिस्म्याच्या पाण्याची आठवण म्हणून. तिच्यावर पांढरं वस्त्र घालतात, बाप्तिस्म्याला घातलं होतं त्याची आठवण म्हणून. उशाशी ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात, बाप्तिस्म्याची ज्योत जिच्यावरून घेतात तीच. कशाचा काय अर्थ, हे मला सगळं येत होतं. त्या दारात मला कुणी प्रश्न विचारले असते तर पैकीच्या पैकी मिळाले असते. आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की मला अर्थ नको, मला माझी मुलगी द्या.

पाणी कुंडात नव्हतंच. आतून कुणीतरी स्टीलची बादली घेऊन आलं. फादरांनी त्यातून शिंपडलं. एस्तूचे बाबा कुंडाशेजारी उभे होते. ते पेटीकडे बघत नव्हते, कुंडाच्या तळाकडे बघत होते.

त्यानंतर ते त्या दारानं आत गेले नाहीत. चर्च सोडलं नाही, मिस्सा चुकवली नाही. फक्त फाटकातून आत आलो की ते डावीकडे वळायचे, सायकली लावतात त्या बाजूच्या लहान दरवाज्याकडे, आणि मी सरळ. दोघं वेगवेगळ्या वाटांनी बाकावर येऊन बसायचो. लोकांनी एकदा-दोनदा बघितलं, मग सवय झाली. मी त्यांना कधी विचारलं नाही. माणसाच्या मनात कुठे भोक पडलंय ते बघायला आत जाऊन दार लावून घ्यावं लागतं, आणि माझ्यात तेवढं बळ नव्हतं. कुंड रिकामं करायचं काम तरुण मंडळींनी घेतलं. त्यांचं पुसणं वरवरचं.

यंदा नवे फादर आले. तरुण, वसईकडचे, बोलायला गोड. उपवासकाळाच्या तयारीची सभा होती. वेदीच्या पडद्यांपासून शुक्रवारच्या उपासाच्या पेजेपर्यंत सगळं झालं, आणि कुंडाचा विषय निघाला तसे ते म्हणाले, “हे रिकामं करणं यंदापासून नको.”

पेद्रूकाका आमच्या चर्चमधले सगळ्यांत जुने, उरणच्या बाजूचे. ते लगेच उठले. “आमचे उरणचे देवलान बापाचे वक्तापासून असाच हाय, फादर. उपासान कुंड सुकाच रवतं.”

“असेल काका, पण ती चूक आहे,” फादर म्हणाले. “ख्रिस्तसभेनं असं कधी सांगितलेलंच नाही. पवित्र गुरुवारच्या मिस्सानंतर पाणी काढायचं आणि ईस्टरच्या रात्री नवं भरायचं. मधले दोन दिवस कोरडे, बस्स. उलट उपवासकाळात तर पाणी हवंच. लोक थकलेले येतात, पश्चात्ताप घेऊन येतात. त्यांना दारातच आठवण नको का, की तुम्ही या घरचेच आहात म्हणून?”

पेद्रूकाका पुटपुटत बसले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, बरं झालं, काटे टोचायचे. सभा पुढे सरकली. मला पुढचं काहीच ऐकू आलं नाही.

चूक. इतकी साधी, कुणाचंही वाईट न चिंतणारी चूक. सगळ्यांनी मिळून केलेली, सगळ्यांना पटलेली. बाकीच्यांच्या खात्यात तिची किंमत काय, तर थोडं ओशाळणं. आमच्या घरात मात्र ती एस्तूच्या बाबांच्या हातानं झाली होती, आणि फडक्यानं, मन लावून.

सभा संपल्यावर मी फादरांना गाठलं. सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

“फादर, यंदा राहू द्या ना कोरडंच,” मी म्हणाले. “त्यांना कळलं तर ते मोडतील.”

“टीचर, ती कोरडी गेली नाही,” ते हळू म्हणाले. “ती लहानपणी एकदा भिजली ती कायमची. बाप्तिस्मा पुसला जात नाही.”

“हे मला नका सांगू. हेच तर मी मुलांना शिकवते.”

“मग?”

“मग काही नाही. मला ते पाठ आहे. त्यांना तिचा हात आठवतो.”

फादरांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, “तुम्ही सांगाल तर मी यंदा काही बोलणार नाही. कुंड रिकामं होईल. पण त्या दारातून या वर्षी आणखी कुणीतरी असंच येणार आहे, टीचर. तेवढं बघा.”

घरी येताना रिक्षात मी त्या आणखी कुणातरीचा फार राग केला. कोण कुठली बाई, कोण कुठलं तिचं पोर. माझ्या लेकीला मिळालं नाही ते त्यांना का मिळावं? असा विचार माझ्या मनात आला, आणि खाडीवरचा पूल ओलांडेपर्यंत तो जाईना. घराच्या जिन्यात मात्र मला त्या पोराचा हात दिसला. पुढे झालेला. मी फादरांना फोन करून म्हटलं, पाणी ठेवा. घरी मीच सांगते.

शनिवारी दुपारी एस्तूचे बाबा वर्तमानपत्रावर सुका जवळा पसरून निवडत बसले होते. त्यातले खडे, शिंपल्यांचे कपचे बाजूला काढायचं काम त्यांना निवृत्तीनंतर फार मानवलंय. मी समोर बसले. जवळ्यात हात घातला आणि बोलून टाकलं. आडवळण घेतलं असतं तर सांगूच शकले नसते.

ते निवडतच राहिले. मग हात थांबला.

“म्हंजी पाणी ठिवलं असतं तरी चाललं असतं?”

“हो.”

“नेमानं?”

“हो.”

पुन्हा काही वेळ ते निवडत राहिले. पण आता खडे आणि जवळा एकाच ढिगात पडत होता.

“मंग तिला वलं मिळालं असतं,” ते म्हणाले.

मी इतकी वर्षं धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. दुःख, क्षमा, पुनरुत्थान, सगळ्यांवर मला तासभर बोलता येतं. त्या वाक्यावर मात्र एवढंच सुचलं. मी म्हटलं, तुमची काय चूक, सगळ्यांचीच रीत होती. ते म्हणाले, “माझी चूक म्हणत न्हाई मी. तिनं एक थेंब मागितला व्हता, येवढंच म्हणतो.” मग त्यांनी वर्तमानपत्र चारी बाजूंनी उचललं, जवळा परत डब्यात ओतला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. त्या घटकेला मला नव्या फादरांचाही राग आला, नियम लिहिणाऱ्यांचाही आला, आणि माझ्या पोरीला नेणाऱ्याचा तर आलाच. तो अजून गेलेला नाही. तो तसाच ठेवून मी गुडघे टेकते. देवाला चालत असावं.

राखेच्या बुधवारी ते लहान दरवाज्यानंच गेले. उपवासकाळाचा पहिला रविवार आला. फाटकातून आत शिरलो आणि मी सवयीनं सरळ निघाले. डावीकडे पावलं वळल्याचा आवाज आला नाही. बघते तर ते माझ्या मागून येत होते.

कुंड काठोकाठ भरलेलं होतं. दगड ओला होऊन काळाभोर दिसत होता. मी बोटं बुडवून बाजूला झाले. ते पुढे आले, उभे राहिले, आणि त्यांनी उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात घातला. तळाला टेकवला आणि तसाच ठेवला. मागे लोक खोळंबले. पेद्रूकाका काठी टेकवून शांत उभे होते. बऱ्याच वेळानं एस्तूच्या बाबांनी हात बाहेर काढला. तो कपाळाला नेला नाही, छातीला नेला नाही. ओंजळीत काही धरावं तसा पुढे धरून ते बाकापर्यंत चालत आले, आणि बसल्यावर तो हात उताणा मांडीवर ठेवला.

मिस्सा सुरू झाली. वर पंखा, बाहेर ऊन. मी पुस्तकात बघत होते, पण लक्ष त्या तळहातावर होतं. बोटांच्या टोकांवरचं पाणी आधी गेलं, मग रेषांमधलं. पहिलं वाचन संपेपर्यंत हात वाळला.

ते उठले. मधूनच, सगळे बसलेले असताना, दाराकडे चालत गेले, हात भिजवला, परत आले. लोकांनी वळून बघितलं. प्रवचनात फादर वाळवंटाबद्दल बोलत होते. त्यांनी यांना दुसऱ्यांदा जाताना बघितलं आणि पुढचं वाक्य हरवून क्षणभर थांबले. हात पुन्हा वाळला. ते पुन्हा उठले, गेले, ओला हात तसाच धरून परत आले. बाकावर बसताना त्यांचा श्वास लागला होता. पुढच्या बाकावरची बाई रुमाल तोंडाला लावून रडत होती. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, की आता पुरे, बसा. ते माझ्याकडे वळले.

“लौकर सुकतंय गं,” ते म्हणाले.

प्रार्थना चालू होती. तळहात वाळत चालला होता. ते बाकाला धरून पुन्हा उठायला लागले, तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि त्यांच्याबरोबर उठले.